‘झाले’ आणि ‘व्हावे’ : स्पॅनिश क्रियापदाच्या एका रूपाविषयी



आजच्या व्याख्यानासाठी मी जो विषय निवडला आहे तो प्रथमदर्शनी फार लहान वाटेल. स्पॅनिश भाषेतील नियमित क्रियापदांचे एक रूप, आणि तेही पाठ्यपुस्तकांतून बहुधा शेवटच्या काही प्रकरणांत येणारे, एवढाच हा विषय आहे. स्पॅनिश व्याकरणकार त्याला ‘प्रेतेरितो इम्पेरफेक्तो दे सुबखुन्तिबो’ म्हणतात. इंग्रजीमार्गे आपल्याकडे ते ‘इम्पर्फेक्ट सब्जंक्टिव्ह’ ह्या नावाने ओळखले जाते. कथाकादंबऱ्यांच्या भाषांतरकाराला हे रूप पावलोपावली भेटते. परंतु इतिहास, आत्मचरित्र, प्रवासवर्णन, साक्षीपुरावे अशा लेखनात त्याचे महत्त्व अधिकच आहे. एखादी गोष्ट घडली असे लेखक स्वतःच्या जबाबदारीवर सांगत आहे, की ती कोणाच्या तरी इच्छेत, शंकेत किंवा नकारात होती एवढेच तो नोंदवीत आहे, ह्याचा निर्णय पुष्कळदा ह्या एका प्रत्ययावर अवलंबून असतो. ग्रंथालयात बसून आपले भाषांतर वाचणारा वाचक मूळ पुस्तक उघडून पाहणार नसतो. त्याच्या दृष्टीने आपण लिहू तेच घडलेले असते.

स्पॅनिश ही आज वीस देशांची राजभाषा आहे. तिच्यातील वाङ्मय मराठीत आले ते बहुतांशी इंग्रजीच्या द्वारे. इंग्रजीने आपले सब्जंक्टिव्ह जवळजवळ टाकून दिले आहे, आणि जे उरले आहे ते साध्या भूतकाळासारखेच दिसते. त्यामुळे मूळ स्पॅनिशमध्ये जे दोन निराळ्या रूपांनी सांगितलेले असते ते इंग्रजीत अनेकदा एकाच रूपाने उतरते, आणि तेथून मराठीत येताना ‘होता’, ‘केले’, ‘आले’ अशा निःशंक भूतकाळात स्थिर होते. हे नुकसान टाळता येण्यासारखे आहे. कारण इंग्रजीपाशी जी साधने उरलेली नाहीत ती मराठीपाशी अजून आहेत. तेच आज मला दाखवावयाचे आहे.

प्रथम रूपसिद्धी पाहू. स्पॅनिश नावे व क्रियापदे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत सांगत आहे. त्या भाषेत आरंभीच्या ‘ह’चा उच्चार होत नाही, आणि ज्या अक्षराला इंग्रजीत आपण ‘व’ म्हणतो त्याचा उच्चार ‘ब’सारखाच होतो.

नियमित क्रियापदांचे तीन गण आहेत : ‘आर’, ‘एर’ आणि ‘ईर’ ह्यांनी संपणारे. त्यांची नेहमीची उदाहरणे म्हणजे ‘आब्लार’ (बोलणे), ‘कोमेर’ (खाणे) आणि ‘बिबिर’ (राहणे, जगणे). आपल्याला हवे असलेले रूप मूळ धातूपासून साधावयाचे नसते, ते साध्या भूतकाळाच्या तृतीय पुरुषी अनेकवचनापासून साधावयाचे असते. ‘ते बोलले’ हे ‘आब्लारोन’, ‘त्यांनी खाल्ले’ हे ‘कोमिएरोन’, ‘ते राहिले’ हे ‘बिबिएरोन’. ह्या रूपांतील शेवटचे ‘रोन’ काढून टाकावे आणि त्या जागी रा, रास, रा, रामोस, राइस, रान हे सहा प्रत्यय क्रमाने लावावे. म्हणजे ‘आब्लारा, आब्लारास, आब्लारा, आब्लारामोस, आब्लाराइस, आब्लारान’ अशी सहा रूपे होतात. त्याच रीतीने ‘कोमिएरा, कोमिएरास’ आणि ‘बिबिएरा, बिबिएरास’ इत्यादी. ‘एर’ व ‘ईर’ ह्या दोन गणांचे प्रत्यय येथे एकरूप झालेले असल्यामुळे पाठांतराचा भारही हलका होतो. ह्या नियमाला अपवाद नाही. जी क्रियापदे अनियमित म्हणून विद्यार्थ्यांना छळतात, त्यांचा अनियमितपणा भूतकाळाच्या रूपातच येऊन गेलेला असतो. पुढील पायरी सर्वांना सारखीच लागू पडते.

रूपांच्या बाबतीत तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली गोष्ट आघाताची. ‘आब्लारा’ ह्या शब्दात आघात मधल्या ‘ब्ला’वर असला तर ते आपले सब्जंक्टिव्ह रूप, तोच आघात शेवटच्या ‘रा’वर गेला की ‘तो बोलेल’ असा भविष्यकाळ होतो. देवनागरीत दोन्ही शब्द एकसारखेच उमटतात. स्पॅनिश लिपीत मात्र भविष्यकाळी रूपाच्या अंत्य स्वरावर एक लहानशी तिरपी रेघ असते, आणि छापताना ती गळाली तर अर्थ फिरतो. दुसरी गोष्ट पुरुषाची. प्रथम व तृतीय पुरुषाचे एकवचनी रूप एकच आहे. ‘त्राबाखारा’ म्हणजे मी काम करावे, त्याने करावे, तिने करावे, किंवा आदरार्थी आपण करावे. कर्ता कोण हे वाक्यसंदर्भानेच ठरवावे लागते. तिसरी गोष्ट अशी की ‘रा’ मालिकेच्या जोडीला ‘से’ मालिकाही आहे : ‘आब्लासे, आब्लासेस’ इत्यादी. आज आपण पाहणार आहोत त्या बहुतेक प्रयोगांत दोहोंच्या अर्थांत भेद नाही. लॅटिन अमेरिकेत बोलताना ‘रा’चेच प्राबल्य आहे, स्पेनमध्ये दोन्ही आढळतात, तथापि तेथेही ‘रा’ अधिक. एकाच लेखकाने एका परिच्छेदात दोन्ही वापरली तर ती पुनरुक्ती टाळण्याची सोय असते. तेथे गूढ अर्थ शोधू नये.

येथपर्यंतचा भाग एका दुपारी पाठ होऊ शकेल. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे : हे रूप वाक्यात का येते?

पुष्कळ पुस्तकांतून असे सांगितलेले असते की सब्जंक्टिव्ह म्हणजे असत्याचे किंवा संशयाचे रूप. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. ‘लामेन्तो के येगारान तार्दे’ ह्या वाक्याचा अर्थ ‘त्यांना यायला उशीर झाला ह्याचे त्याला वाईट वाटले’ असा आहे. उशीर झाला ही गोष्ट येथे खरीच आहे, तरी क्रियापद सब्जंक्टिव्हमध्ये आहे. कारण बोलणारा उशिराची बातमी देत नाही. ती श्रोत्याला ठाऊक आहे असे धरून तो खेदाविषयी बोलतो. तेव्हा नेमका भेद खऱ्याखोट्याचा नसून प्रतिपादनाचा आहे. स्वार्थातील क्रियापद म्हणते, ‘हे असे आहे, असे मी सांगतो.’ सब्जंक्टिव्हमधील क्रियापद म्हणते, ‘हे असे आहे की नाही ह्याविषयी मी ह्या वाक्यात विधान करीत नाही.’ ती गोष्ट इच्छेचा विषय असेल, भीतीचा असेल, नकाराचा असेल, किंवा गृहीतही असेल.

मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ सांगितले जातात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. स्पॅनिशमधील एका सब्जंक्टिव्हचे काम आपल्याकडे विध्यर्थ आणि संकेतार्थ ह्या दोघांत विभागलेले आहे, आणि काही काम ‘असा एखादा’, ‘जणू’, ‘म्हणून’ अशा शब्दांकडे गेले आहे. म्हणून एका स्पॅनिश रूपाला एक मराठी रूप असे समीकरण बसत नाही. प्रत्येक प्रसंग वेगळा पाहावा लागतो.

इच्छा आणि हेतू हा सर्वांत सोपा प्रसंग. ‘किएरो के त्राबाखेस’ म्हणजे ‘तू काम करावेस अशी माझी इच्छा आहे.’ मुख्य क्रियापद भूतकाळात गेले की ‘केरीआ के त्राबाखारास’ असे होते : ‘तू काम करावेस अशी माझी इच्छा होती.’ दोन्ही भाषांची कार्यपद्धती येथे उघड होते. स्पॅनिशमध्ये मुख्य व गौण अशा दोन्ही क्रियापदांनी काळ बदलला. मराठीत ‘होती’ एवढेच बदलले आणि ‘करावेस’ जागचे हलले नाही. आपला विध्यर्थ काळाला बांधलेला नाही. तेव्हा मराठी भाषकाने दोन प्रश्न क्रमाने विचारावे. येथे मराठीत ‘करावे’ येईल काय? आणि मुख्य क्रियापद भूतकाळी आहे काय? दोन्ही उत्तरे होकारार्थी असली तर आपले रूप बहुधा तेथे हजर असते. हेतू दाखविणाऱ्या ‘पारा के’ नंतरही हेच. ‘भावाला शुक्रवारपूर्वी मिळावे म्हणून तिने पत्र लिहिले’ ह्या वाक्यात पत्र मिळाले की नाही हे कोणी सांगितलेले नाही. स्पॅनिशने ते सांगितलेले नसते, आणि मराठीच्या ‘मिळावे म्हणून’नेही ते राखलेले असते. भाषांतरात मात्र ‘तिने पत्र लिहिले व ते भावाला शुक्रवारपूर्वी मिळाले’ असे सुटसुटीत वाक्य कोणी केले तर एक न घडलेली गोष्ट इतिहासात घुसते.

दुसरा प्रसंग अनिश्चित व्यक्तीचा किंवा वस्तूचा. अँडीज पर्वताच्या प्रदेशात केच्वा भाषा बोलली जाते. ‘बुस्काबान उन मेदिको के आब्लारा केच्वा’ म्हणजे केच्वा बोलू शकेल असा एखादा डॉक्टर ते शोधत होते. तसा कोणी आहे की नाही हे अद्याप ठरावयाचे आहे. ‘बुस्काबान आ उन मेदिको के आब्लाबा केच्वा’ म्हणजे केच्वा बोलणाऱ्या एका विशिष्ट डॉक्टरला ते शोधत होते. तो आहे, सापडत नाही एवढेच. ह्या दुसऱ्या वाक्यात जे ‘आ’ आले आहे ते आपल्या ‘ला’ ह्या प्रत्ययाचे काम करते. ‘डॉक्टर शोधत होते’ आणि ‘डॉक्टरला शोधत होते’ ह्यांतील फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. तात्पर्य, जी सूक्ष्मता परकी वाटते तिची जाण आपल्या भाषेत आधीपासूनच आहे. तथापि ‘केच्वा बोलणारा डॉक्टर’ एवढेच लिहिले तर दोन्ही अर्थ एक होतात, म्हणून पहिल्या ठिकाणी ‘शकेल असा एखादा’ हे शब्द आवश्यक आहेत. ते पाल्हाळ नव्हे.

तिसरा प्रसंग संकेताचा. ‘उद्या पाऊस पडला तर’ असे आपण सहज म्हणतो. पाऊस उद्याचा आणि क्रियापद भूतकाळी, ह्यात आपल्याला काही विसंगत वाटत नाही. मग ‘सी योबिएरा’ ह्या शब्दांत इम्पर्फेक्ट म्हणविणारे रूप वर्तमानाविषयी वा भविष्याविषयी बोलते ह्याचे नवल वाटू नये. मात्र पायऱ्या ओळखल्या पाहिजेत. ‘सी युएबे’ म्हणजे ‘पाऊस पडला तर’, ही उघडी शक्यता. ‘सी योबिएरा’ म्हणजे ती शक्यता दूर सारलेली : ‘पाऊस पडता तर’, किंवा आजच्या बोलीत ‘पडला असता तर’. भूतकाळात हुकलेल्या गोष्टीसाठी स्पॅनिशमध्ये आणखी एक संयुक्त रूप आहे. मराठीची उणीव येथे दिसते. ‘पैसे असते तर मी पुस्तक घेतले असते’ हे वाक्य आजच्या दुकानासंबंधी आहे की गेल्या वर्षीच्या, हे क्रियापदावरून कळत नाही. अशा वेळी ‘आज’, ‘अजूनही’, ‘तेव्हा’ असा एखादा कालवाचक शब्द घालून भाषांतरकाराने तूट भरून काढावी. ‘कोमो सी’ म्हणजे ‘जणू’ ह्या शब्दांनंतर स्पॅनिशमध्ये भूतकालीन सब्जंक्टिव्हच येते. तेथे आपली ‘असावा’, ‘असल्यासारखा’ ही रूपे समर्पक ठरतात.

इच्छेच्या उद्गाराचाही येथे उल्लेख केला पाहिजे. ‘ओखाला’ हा स्पॅनिशमधील अत्यंत घरगुती शब्द अरबीतून आलेला आहे, आणि त्यात ईश्वरेच्छेचा वाचक असलेला तोच अल्लाचा उल्लेख दडलेला आहे जो आपल्या कानांना ‘इन्शाअल्ला’मध्ये परिचित आहे. इबेरियन द्वीपकल्पावरील दीर्घ अरब सत्तेची ही खूण. ‘ओखाला योबिएरा’ ह्याला मराठीत ‘पाऊस पडता तर किती बरे होते!’ असे म्हणावे. त्यात आशेपेक्षा हताशपणा जास्त आहे. सौजन्याच्या ‘देबिएरा’, ‘किसिएरा’ ह्या रूपांतही प्रतिपादनापासून एक पाऊल मागे घेणेच असते. ‘मला हवे’ असे न म्हणता आपण ‘मला हवे होते’ म्हणतो, तोच हा विनय.

आता सर्वांत नाजूक प्रसंगाकडे येते. ‘नो दिखो के बिबीआ आयी’ आणि ‘नो दिखो के बिबिएरा आयी’ ही दोन वाक्ये पाहा. दोहोंचा ढोबळ अर्थ ‘ती तेथे राहत होती असे तो म्हणाला नाही.’ पण पहिल्या वाक्यात क्रियापद स्वार्थी असल्यामुळे ती तेथे राहत होती हे निवेदक मान्य करतो. त्या माणसाने ते सांगितले नाही, कदाचित लपविले. दुसऱ्या वाक्यात ती तेथे राहत होती की नाही ह्याविषयी निवेदक मौन पाळतो. मराठीत पहिल्याचे रूप ‘ती तेथे राहत होती हे त्याने सांगितले नाही’ आणि दुसऱ्याचे ‘ती तेथे राहत होती असे त्याने म्हटले नाही’ असे करता येईल. ‘हे’ आणि ‘असे’ ह्या दोन लहान शब्दांवर सारा भार आहे. ‘हे’ म्हटले की गोष्ट समोर ठेवली जाते. ‘असे’ म्हटले की केवळ शब्द समोर ठेवले जातात.

हाच विवेक नकाराच्या वाक्यांत लागतो. ‘नेगो के लोस सोल्दादोस दिस्पारारान.’ एका अधिकाऱ्याविषयीचे हे वाक्य आहे असे समजा. ‘सैनिकांनी गोळीबार केल्याचे त्याने नाकारले’ असे वृत्तपत्री मराठीत लिहिले तर वाचकाच्या मनात गोळीबार झाला हे जवळजवळ ठरून जाते, आणि अधिकारी खोटे बोलला असे वाटू लागते. मूळ लेखकाने तसे म्हटलेले नाही. तसे नाही असेही म्हटलेले नाही. ‘सैनिकांनी गोळीबार केला असे म्हणणे त्याने नाकारले’ हे थोडे लांब असले तरी प्रामाणिक आहे. लॅटिन अमेरिकेच्या विसाव्या शतकातील इतिहासात अशा नाकारलेल्या गोष्टींची संख्या थोडी नाही, आणि त्यांच्याविषयीच्या पुस्तकांत लेखकांनी जे मोजूनमापून लिहिले ते भाषांतरकाराने आपल्या घाईने खरे किंवा खोटे ठरवू नये.

येथे कोणी म्हणेल की मग जेथे जेथे हे रूप दिसेल तेथे तेथे मराठीत ‘असावे’, ‘कदाचित’ घालत जावे, म्हणजे सुरक्षित राहू. हा उपाय मूळ दोषाइतकाच वाईट आहे. त्याचे कारण ‘रा’ रूपाच्या वंशावळीत आहे. ‘से’ रूप लॅटिनच्या सब्जंक्टिव्हमधूनच आलेले आहे, ‘आमाविस्सेम’पासून ‘आमासे’. परंतु ‘रा’ रूपाचे मूळ लॅटिनच्या ‘आमावेराम’मध्ये, म्हणजे ‘मी प्रेम केले होते’ ह्या निःशंक पूर्णभूतकाळात आहे. मध्ययुगीन कॅस्टिलियनमध्ये ‘आमारा’चा तोच अर्थ चालू होता; पुढे ते संकेतार्थी वाक्यांत शिरले आणि हळूहळू सब्जंक्टिव्ह बनले. शब्दरूपांनी असे व्यवसाय बदलणे आपल्यालाही नवे नाही; आपले ‘करावे’ हे संस्कृतातील ‘तव्य’ प्रत्ययाच्या कर्तव्यवाचक विशेषणातून आलेले आहे. गोव्यातील ज्या वाचकांना पोर्तुगीज अवगत आहे त्यांना ही गोष्ट चटकन पटेल, कारण पोर्तुगीजमध्ये ‘रा’ रूप अद्याप पूर्णभूतकाळाचेच आहे आणि इम्पर्फेक्ट सब्जंक्टिव्हसाठी ‘से’च्या भावंडाचा उपयोग होतो.

स्पॅनिशमध्ये हा जुना अर्थ समूळ गेलेला नाही. भारदस्त गद्यात आणि वृत्तपत्रांत, विशेषतः संबंधी वाक्यांत, तो पुन्हा वर येतो. आंद्रेस बेल्यो ह्यांनी १८४७ साली आपल्या प्रसिद्ध व्याकरणात हा प्रयोग जुनाट म्हणून नापसंत केला होता, तरी तो टिकून राहिला. ‘एल दिस्कुर्सो के प्रोनुन्सिआरा कार्देनास एन १९३८’ असे शब्द आढळले तर त्यांचा अर्थ ‘कार्देनास ह्यांनी १९३८ साली केलेले भाषण’ एवढाच आहे. मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास ह्यांनी १८ मार्च १९३८ रोजी तेल उद्योगाच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, ही इतिहाससिद्ध घटना आहे. केवळ प्रत्यय पाहून तेथे ‘केले असावे’ असे लिहिणारा भाषांतरकार सिद्ध गोष्टीवर संशयाची छाया पाडतो. मघाशी आपण शंकास्पदाला निश्चित करण्याचा दोष पाहिला. हा निश्चिताला शंकास्पद करण्याचा दोष. दोहोंतून वाचण्याचा मार्ग एकच : रूप ओळखल्यावर थांबू नये, ते ज्या वाक्यावर अवलंबून आहे त्या वाक्याकडे पाहावे. वर इच्छा, हेतू, नकार, संकेत ह्यांपैकी काही आहे काय? नसेल, आणि एखाद्या ज्ञात घटनेचे केवळ विशेषण म्हणून हे रूप आलेले असेल, तर साधा भूतकाळ लिहावा.

मित्रहो, १४९२ साली सालामान्का येथे आंतोनिओ दे नेब्रिखा ह्यांचे कॅस्टिलियन भाषेचे व्याकरण छापले गेले, तेव्हापासून आजवर ह्या भाषेच्या क्रियापदांवर विपुल विवेचन झाले आहे. त्या साऱ्याचे सार सांगण्याचा माझा हेतू नाही. विद्यार्थ्यांना माझी सूचना एवढीच आहे की सहा प्रत्यय पाठ झाल्यावर त्यांनी स्पॅनिश वाक्यांच्या जोड्या कराव्या, एक स्वार्थातील व एक सब्जंक्टिव्हमधील, आणि प्रत्येक जोडीसाठी दोन भिन्न मराठी वाक्ये सिद्ध करावी. दोन्हींना एकच मराठी वाक्य सुचले तर काम अपुरे आहे असे समजावे. ‘यावे’, ‘येता’, ‘आला असता’, ‘असा एखादा’, ‘असे म्हणणे’ ही आपली हत्यारे अशा सरावानेच धारदार राहतील. न वापरली तर भाषांतरांच्या सपाट गद्यात ती बोथट होतील, आणि मग स्वतःच्या मनातील शंका व्यक्त करण्यासही मराठी अपुरी पडू लागेल.

लेखकाने जे प्रतिपादन केले ते पूर्ण बळाने सांगणे, आणि त्याने जे प्रतिपादन केले नाही त्याचे ओझे त्याच्या माथी न मारणे, ही भाषांतरकाराची दोन कर्तव्ये आहेत. स्पॅनिशमध्ये ह्या दोन कर्तव्यांच्या सीमेवर तीन-चार अक्षरांचा एक प्रत्यय उभा असतो. त्याच्याकडे लक्ष द्यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.